हप्ता बारमाही

मार्चात ट्रकचं पासिंग होतं. पासिंगला न्यायच्या आधी रंगरंगोटी आलीच, म्हणून नवरा गाडी घेऊन पेंटरकडे गेला होता. हौद्याच्या कडा, मागच्या फाळक्यावरचा नंबर, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या सगळं आटपून पेंटरचा पोरगा डाव्या दाराशी आला. तिथे मालकाचं नाव, पत्ता, रिकाम्या गाडीचं वजन, भरल्या गाडीचं वजन असं बारीक अक्षरांत लिहायचं असतं. जुनी अक्षरं आधीच घासून टाकलेली. पोरगा नवीन होता. त्याने ब्रश डब्यात बुडवला आणि विचारलं, "नाव तुमचंच घालू ना?" रात्री जेवताना नवऱ्याने हे मला हसत हसत सांगितलं. "मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. "काय म्हणणार? शेटचं नाव सांगितलं," तो म्हणाला, आणि ताटातला बांगडा उलटा करून त्यात काही उरलंय का ते बघू लागला. काही उरलं नव्हतं.

मी रत्नागिरीत एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. समोरचा माणूस कुठल्या वाक्यावर नजर खाली घालतो, तिकडे लक्ष जायची इतक्या वर्षांत सवय झालीय. ती सवय घरी आणू नये हे कळतं, पण वळत नाही. नवरा लग्नाआधीपासून याच शेटकडे ड्रायव्हर आहे. गाड्या बदलल्या, शेट तेच. डाव्या दारावर कुणाचं नाव आहे, यावरून त्याला जेवताना गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तो विषय तेव्हा मी वाढवला नाही. ड्रायव्हर घरी असतो तेव्हा झोपेत असतो किंवा निघायच्या घाईत. मधल्या वेळात कुठला विषय काढायचा हे बायकोला तोलूनच बघावं लागतं.

मग मे महिन्यात शेट स्वतः घरी आले. हातात डागी हापूसची करंडी. खुर्चीवर बसून त्यांनी आधी माझ्या सासूबाईंचे गुडघे विचारले, मुलीचा दहावीचा अभ्यास विचारला, पाणी प्यायले आणि मग एकदम म्हणाले, "माझं आता होत नाही. पोरगा पुण्याला, त्याला गाडीचं तोंड बघायचं नाही. तू घे. बाहेर कोणीही साडेबारा-तेरा देईल, तुला बारा." नवरा काहीच बोलला नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "कशाला ती पीडा हवी गळ्यात? पगार येतोय तो काय वाईट?" शेट हसले. मी करंडीतले आंबे परातीत काढत होते, ते नुसतेच वरखाली करत राहिले.

गाडी चांगली आहे, यात वाद नाही. शेटनी ती मार्च २०२० मध्ये घेतली. १ एप्रिलपासून धुराचा नवा नियम, बीएस-सिक्स, लागणार होता, त्यामुळे जुन्या बीएस-फोरच्या उरलेल्या गाड्या डीलरना महिन्याच्या आत काढून टाकायच्या होत्या. शेटना स्वस्तात मिळाली. नंबर पडला, हार घातला, नारळ फोडला आणि देश बंद झाला. कोरी करकरीत गाडी अंगणात उभी, वर कोकमाच्या झाडाची पानं पडतायत आणि शेट पायरीवर बसून तिच्याकडे बघतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हप्ते पुढे ढकलायची सवलत तेव्हा मिळाली होती, व्याजाला मात्र सवलत नव्हती. मालवाहतूक खुली झाल्यावर नवरा तिच्यावर चढला तो आजवर. आत बसलं की पहिला येतो तो डिझेलचा वास, मग अगरबत्तीचा, आणि त्याखाली ओल्या सुतळीसारखा एक, जो पेंढ्यातल्या आंब्यांचा की ताडपत्रीचा ते मला अजून कळलेलं नाही. सीटची उजवी बाजू दबलेली आहे कारण तो जरा उजवीकडे कलून बसतो. गिअरच्या दांड्याची मूठ इतकी गुळगुळीत झालीय की तिच्यावरचे आकडे पुसले गेलेत. ह्या गाडीला धूर साफ करायचा यूरिया पाजावा लागत नाही, याचं त्याला भारी कौतुक. नव्या गाड्यांचे सेन्सर, यूरियाची टाकी, मध्येच लागणारे दिवे, यांवर तो अर्धा तास बोलू शकतो, आणि तो अर्धा तास बोलतो अशा गोष्टी फार नाहीत.

मी नव्या गाडीचा विषय काढून बघितला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, आणि ऑक्टोबरपासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. "एसीत बसलो तर घाटात इंजिन काय बोलतंय ते ऐकू कसं येणार?" त्याने विचारलं. मेच्या उकाड्यात वाशीच्या रांगेत बनियनवर बसणाऱ्या माणसाने हे म्हणावं, हे मला पटलं नाही. पण विषय तिथेच संपला. त्याला गाडी नको होती, त्याला *ही* गाडी हवी होती.

का हवी, हे त्याने एका दमात कधी सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी आलं. पहिला तुकडा शिमग्याचा. आमच्या गावची पालखी घरी येते त्या दिवशी अंगणात सडा असतो, ओटी भरायची असते, मानकरी गाऱ्हाणं घालतात, आणि घरचा कर्ता पुरुष पालखीसमोर उभा असावा असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे बहुतेक वर्षी सासूबाई उभ्या असतात. कारण शिमगा आणि आंबा एकदमच येतात. होळीच्या आसपास हापूस वाशीकडे निघायला लागतो, आणि सुरुवातीच्या पेट्यांना जो भाव असतो तो पुढे राहत नाही, त्यामुळे त्या दिवसांत गाडी थांबवणं म्हणजे शेटला पाप वाटतं. एका वर्षी गाऱ्हाणं चालू असताना मी फोन लावून पालखीसमोर धरला. नवरा वाशी मार्केटच्या बाहेर रांगेत होता. गुरव म्हणत होता, वाटेवरच्याला सांभाळ, परमुलखात गेलेल्याला सांभाळ, आणि फोनमधून, मागे हॉर्न वाजत असताना, त्याचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" अंगणातली माणसं हसली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही हसू आलं आणि पाठोपाठ राग, पण तो नेमका कुणावर काढायचा ते समजेना.

"स्वतःची गाडी असली की शिमग्याला पाच दिवस गाडी दारात," असं तो म्हणाला.

दुसरा तुकडा रो-रोचा. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला न्यायला सुरुवात केली, ती सेवा अजून चालू आहे. गोव्याचा माल असला आणि शेटचं मन झालं तर नवरा कोलाडला गाडी चढवतो. चाकांना अडण्या लावतात, साखळ्या बांधतात, आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून राहतो. इंजिन बंद, गाडी मात्र पळतेय. "बोगदा आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो," तो म्हणतो. कारबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. काळोखात स्टिअरिंगला हात लावून बसायचं, आणि तो संपला की रत्नागिरी जवळ आलेलीच. घर हाकेच्या अंतरावर आणि उतरता येत नाही. तरीही ती रात्र त्याला आवडते, कारण त्या रात्री त्याला झोप मिळते आणि झोपल्याबद्दल कोणी बोलत नाही. महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. कशेडीला बोगदा झाला, कुठे चार पदरी झालं, कुठे अजून पुलाचे खांब आभाळाकडे बघतायत आणि गाड्या खालच्या वळणाने धुळीत जातायत. तो रस्ता टाळून रेल्वेवर बसायचं की नाही हे आज शेट ठरवतात, कारण रेल्वेचं भाडं त्यांच्या खिशातून जातं. "माझी असती तर दर वेळी रो-रो," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, तुमची असती तर रेल्वेचं भाडं तुमच्या खिशातून गेलं असतं आणि तुम्ही कोलाडला एक चहा घेऊन पुढे हाणली असती. बोलले नाही.

तिसरा तुकडा मासळीचा. मिरकरवाडा बंदरातली मासळी तो भरणार नाही म्हणे. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चॅसीवर गळतं, लोखंड खातं, आणि आठवडाभर वास जात नाही. हे त्याने शेटना अनेकदा सांगून पाहिलंय. पण मासळीचे पैसे रोख आणि लगेच येतात. बाकी मालाचं तसं नाही. निघताना ॲडव्हान्स मिळतो, त्यात डिझेल, टोल आणि वाटखर्च. उरलेलं भाडं पोच आल्यावर. पोच म्हणजे माल मिळाल्याचा शिक्का मारलेला कागद. तो कागद ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलावर जाऊन पडला तरी त्याला बघायला सवड कधी होईल ते त्याच्या मर्जीवर. दलाल आपलं कमिशन मात्र पहिल्याच दिवशी कापून घेतो. शेटकडे चार पैसे मागे असल्यामुळे ते थांबू शकतात. आम्ही किती थांबू शकतो, ते मला बरोबर माहीत आहे, कारण आमच्या घरचं पासबुक मीच भरते.

एका रविवारी मुलीच्या वहीची मागची पानं घेऊन बसलो. बारा लाखांतले चार आमचे: माझी मुदत ठेव, त्याची भिशी आणि माझ्या दोन पाटल्या. उरले आठ. चौदा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर महिन्याला २७,३४२, चार वर्षं घेतली तर २१,८६१. हे आकडे मी कॅल्क्युलेटरशिवाय लिहिले तेव्हा तो जरा दचकला. दिवसभर मी दुसऱ्यांना हेच सांगते, त्यात दचकण्यासारखं काही नाही. थर्ड पार्टी विमा वर्षाला ३५,३१३ अधिक कर. नॅशनल परमिटचे १६,५००. ते परमिटही गाडी बारा वर्षांची होईपर्यंतच, म्हणजे २०३२ पर्यंत. २०२८ पासून पासिंग दरवर्षी. टायर एकेक वीस हजारांच्या घरात, आणि ते सहा. डिझेलचा हिशेब त्याने सांगितला, तो माझ्यापेक्षा नेमका निघाला. भरली गाडी सपाटीला लिटरला पाच देते, आंबा घाट चढताना तीनवर येते. वाशीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर धरले तर जाताना पासष्ट-सत्तर लिटर. "आणि येताना?" मी विचारलं. येताना मुंबईहून माल मिळतो, कोकणात सगळंच बाहेरून यावं लागतं. अडचण उलटी आहे. आंबा संपला की इथून न्यायचं काय? घाटावरून सिमेंट, साखर, कांदा घेऊन गाडी भरून उतरते; चढताना जांभ्या दगडाचे चिरे मिळाले तर मिळाले, नाहीतर रिकामी. रिकाम्या गाडीलाही डिझेल लागतं.

गंमत म्हणून त्याला आयकरातली छोट्या ट्रकमालकांची तरतूद सांगितली. दहापर्यंत गाड्या असलेल्याने हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत तरी चालतं. अवजड गाडी महिन्याला टनामागे हजार रुपये कमावते असं सरकार धरून चालतं. आमची भरल्या वजनाची साडेअठरा टन. म्हणजे महिन्याला साडेअठरा हजार. त्याने हप्त्याच्या आकड्याखाली तो आकडा लिहिला, दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाला, "सरकार आपल्याला गरीब समजतं ते बरंय." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं मोठ्याने हसलो. सासूबाईंना वाटलं, ठरलं.

ठरलं काहीच नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा मामा होता.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. मामाकडे नव्वदच्या दशकात एक टाटा १२१० होती, जुनी, हौद्याला हिरवा रंग. पावसाळ्याच्या तोंडावर ती आजोळच्या खळ्यात येऊन उभी राहायची. आम्हा पोरांना ती मे महिन्याच्या सुट्टीतली चैन होती; हौद्यात भातुकली मांडायचो, स्टिअरिंगवर लोंबकळायचो. चिऱ्यांचा लाल भुगा फळ्यांच्या फटींत अडकलेला असायचा, तो नखांत जायचा आणि आई संध्याकाळी नखं ओढून धुवायची. मामा बाजूला बसून स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस लावायचा. मिरगाचा पाऊस पडला की चिरेखाणी बंद, वाळू बंद, आंबा संपलेला. गाडीच्या चाकांभोवती गवत वाढायचं. ते गवत मला फार आवडायचं. त्याचा अर्थ कळायचं वय नव्हतं. एका वर्षी दोन माणसं आली, ओसरीवर बसली, चहा घेतला आणि गाडी घेऊन गेली. भांडण नाही, आरडाओरड नाही. मामी तेवढी घाईने आतून आली, केबिनमध्ये चढली, गणपतीची तसबीर काढून पदराखाली धरली आणि उतरली. तसबिरीमागे केबिनचा मूळ रंग चौकोनी शिल्लक होता, तो मला लांबूनही दिसला.

हे दुःखाचं म्हणून मी अनेकांना सांगितलंय. पण त्याच्या पुढचा भाग सांगायला मी कचरते, कारण तो गोष्टीत बसत नाही. ज्याने ती गाडी लिलावात घेतली, त्याने मामालाच ड्रायव्हर म्हणून ठेवलं. त्याच गाडीवर. मामा पुढे बरीच वर्षं ती चालवत होता. आई त्याला म्हणाली, "तुझीच गाडी, आणि तू पगारी?" मामा म्हणाला, "ताई, आता झोप लागते गो." हसून नव्हे, रडून नव्हे, दाढदुखी थांबल्यावर माणूस सांगतो तसं.

नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामांनी पुन्हा घेतली का नाही कधी?" मी म्हटलं, नाही. "घ्यायची होती का?" हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता मामा नाही.

पतसंस्थेत माझ्यासमोर गाडीच्या कर्जासाठी येणारे बहुतेक आधी दुसऱ्याच्या गाडीवर चालवलेले असतात. कागद पुढे सरकवताना त्यांचा आवाज ठाम असतो. जामीनदार मात्र सही करताना पेन दोनदा झटकून बघतात. त्यांतले काही पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या गाडीसाठी येतात, पेढे घेऊन येतात. काहींची फाईल मला वसुलीच्या कपाटात ठेवावी लागते. दोघांत मेहनतीचा फरक असतो असं मला तरी दिसलेलं नाही. फरक बऱ्याचदा एवढाच, की पहिल्या वर्षात गाडी कधी उभी राहिली. लागोपाठ दोन हप्ते चुकले की माणूस बदलतो. मिळेल तो माल भरतो, काट्यावर वजन जास्त निघालं तरी भरतो, रात्रीच्या रात्री जागून दोन खेपा करतो. दुसऱ्याच्या गाडीवर असताना डोळे मिटायला लागले की तो हातखंब्याला बाजूला लावून झोपायचा. शेट फोनवर ओरडतील, ओरडू देत. स्वतःच्या गाडीवर फोन करणारा शेट नसतो, पण हप्त्याची सात तारीख असते.

माझी भीती खरं तर इतकीच आहे. नवरा ज्याला मोकळीक म्हणतो, ती नाही म्हणायची मोकळीक आहे. शिमग्याला नाही, मासळीला नाही, झोप आली असताना नाही. आज तो शेटना नाही म्हणू शकत नाही. उद्या हप्त्याला म्हणू शकेल?

आणि तरी. जुलै २०२१ चा पूर आठवतो. बावीस तारखेला चिपळूण पाण्याखाली गेलं, वाशिष्ठीचा पूल खचून महामार्ग तुटला, आंबा घाट खचला, अवजड गाड्यांना काही काळ बंद झाला. आमची गाडी घरीच उभी होती, नवराही. शेटनी त्या महिन्याचा पगार पूर्ण दिला. मी तेव्हा त्यांचे मनोमन आभार मानले. नवऱ्याने पाकीट घेतलं, टेबलावर ठेवलं आणि दिवसभर गाडीचे पाटे साफ करत बसला, पावसात, कुणी सांगितलेलं नसताना. जणू पाकीट फेडायचं होतं. पगार ही सुरक्षितता आहे असं मी म्हणते तेव्हा मला त्याची ती ओली पाठ आठवते, आणि माझं म्हणणं जरा लंगडं पडतं. दुसऱ्याच्या गाडीसाठी तो मालकासारखाच झिजतो. मग मालकीतलं जे चांगलं आहे ते तरी त्याला का मिळू नये, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

असं मन इकडून तिकडे जात असताना एका दुपारी ऑफिसात, वसुलीची यादी टाइप करताना, माझ्या लक्षात आलं की शेट मे महिन्यात आले होते.

डिसेंबरात नाहीत, फेब्रुवारीत नाहीत. मार्च-एप्रिलचा आंबा त्यांनी त्यांच्या गाडीतून नेला. पासिंगही करून घेतलं. आणि आता पुढे काय आहे? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मिरकरवाडा बंद. मिरग लागला की चिरेखाणींत पाणी. घाटात दरड आली की दोन-दोन दिवस रांग. मग गणपती. गणपतीत चाकरमान्यांसाठी महामार्ग मोकळा ठेवायचा म्हणून १६ टन आणि त्यावरच्या गाड्यांना बंदी असते. आमची साडेअठराची. दसरा येईपर्यंत गाडी चालते ती नावाला. कोकणात ट्रकचा धंदा आठ महिन्यांचा, आणि कर्जाचा हप्ता बारा महिन्यांचा. शेट वाईट माणूस नाहीत, बारा लाखांची किंमतही वाजवी आहे. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाने गाडी कुठल्या महिन्यात विकावी हे त्यांना कळतं, एवढंच. मामाच्या खळ्यातलं ते गवत कुठल्या महिन्यात उगवायचं, तेही मला तेव्हा कळलं. मामाने गाडी कधी घेतली होती हे आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर." म्हणजे तोही उन्हाळाच.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "अहो, घ्यायची की नाही ते नंतर बघू. घेतली तर दसऱ्याला घ्यायची, त्याआधी नाही." तो चिडला. म्हणाला, तोवर दुसरा कोणी घेऊन जाईल, शेट काय आपल्यासाठी थांबणार आहेत? मी पुन्हा वही काढली. आता घेतली तर दसऱ्यापर्यंतचे चार हप्ते, १,०९,३६८ रुपये, जवळजवळ उभ्या गाडीवर भरायचे. आणि त्यातला एक तृतीयांश भाग नुसतं व्याज असेल आणि कमाई शून्याच्या आसपास, अशी सुरुवात करायची. दसऱ्याला घेतली तर पुढे दिवाळी, बांधकामांचा मोसम, मग आंबा. पहिला पावसाळा येईपर्यंत आठ महिन्यांची कमाई हातात. त्याने वही उलटी करून परत सुलटी केली. "हे शेटना कोण सांगणार?" तो म्हणाला. इतकी वर्षं ज्यांच्यासमोर मान वर करून बोलला नाही, त्यांच्याशी तो घासाघीस करेल, ही अपेक्षाच नव्हती.

फोन मी केला. शेट आधी सासूबाईंच्या गुडघ्यांवरच आले. मग मी सांगितलं, घेतली तर दसऱ्याला घेऊ, तोवर गाडी तुमची, ड्रायव्हरही तुमचा. ते म्हणाले, "बाय, चार महिने मी उभ्या गाडीचं काय करू?" मी म्हटलं, "शेट, तेच आम्ही काय करायचं?" पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही, मग खोकल्यासारखं हसू. "कर्जाच्या टेबलावर बसतेस ते दिसतंय. बरं. दसऱ्याला साडेबारा." पन्नास हजारांत चार महिने. कागदावर वाईट नव्हतं. अर्ज मला माझ्याच संस्थेत करता येईल, संचालक मंडळाची मंजुरी आणि दोन जामीनदार लागतील, मी सहकर्जदार. ते जामीनदार पेन झटकून बघतील तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असेन, ही कल्पना अजून अंगवळणी पडत नाहीये. सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. त्यांच्या मते मी पोराला भरीस घालतेय. नवऱ्याच्या मते मी खोडा घालतेय. मुलीच्या मते तिची वही खराब केलीय.

फोन ठेवल्यावर नवऱ्याला शेटचा भाव सांगितला. वाटलं होतं, पन्नास हजार ऐकून पुन्हा चिडेल. तो गप्प उठून बाहेर गेला, गाडीभोवती फिरून आला. हात काळे करून परत आला आणि दारातूनच म्हणाला, "साडेबारा देतो म्हणावं. पण मागचे चार टायर नवीन घालून द्यायचे. रबर चढवलेले चालणार नाहीत. दसऱ्यापर्यंत आत्ताचे निघणार नाहीत, मला माहितेय, मीच चालवतोय ना."

टायरचं मी शेटना कळवलंय. परवा विचार करून सांगतो म्हणालेत.